एक अब्ज शहात्तर कोटींचे कोडे

धुळ्याच्या एका वस्तीतल्या विहारात संध्याकाळची वंदना आटोपली की सतरंज्या गुंडाळल्या जात नाहीत. तिथेच वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका भरते. गेल्या पावसाळ्यात आम्ही एकदा तिथे जाऊन बसलो होतो. मुलांनी आग्रह केला, काहीतरी शिकवा. आम्ही खडू घेतला आणि फळ्यावर एक आकडा लिहिला: १७६६३१९०४९.

"वाचा पाहू."

सातवीतला एक मुलगा उठला. उजवीकडून एकेका घरावर बोट ठेवत त्याने एकं, दहं, शतं म्हटले आणि मग दमात वाचून दाखवले: एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. नातवाला न्यायला आलेली एक आजी दाराशी बसली होती. ती म्हणाली, "इतला मोठा आकडा काय कामना शे रे भाऊ? कोना पैसा शेतस?"

मुले हसली. आम्हीही हसलो. पण घरी परतताना आजीचा प्रश्न मनातून जाईना. मोठा आकडा म्हटला की आपल्या माणसाला तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो. सावकाराच्या वहीतला, बँकेतला, सरकारच्या अंदाजपत्रकातला. हा आकडा मात्र कोणाच्या तिजोरीतला नाही. तो एका कोड्याचे उत्तर आहे. कोडे सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातले आहे, आणि त्या ग्रंथाची एक खूण आपल्या खानदेशात, चाळीसगाव तालुक्यातल्या डोंगराच्या पायथ्याशी दगडावर कोरलेली सापडली. म्हणून हा लेख. पेन्सिल आणि कागद घेऊन बसावे, मुलांनाही जवळ घ्यावे. यातले काहीही आम्ही सांगतो म्हणून खरे मानू नये, प्रत्येक आकडा घरी करून पाहावा.

कोडे असे. एक पूर्ण संख्या घ्या. तिचा वर्ग करा, म्हणजे तिला तिनेच गुणा. आलेल्या उत्तराची दुप्पट करा आणि एक मिळवा. जे येईल ते पुन्हा कोणत्यातरी पूर्ण संख्येचा वर्ग असले पाहिजे. २ घेऊन पाहा. वर्ग ४, दुप्पट ८, एक मिळवला ९. आणि ९ म्हणजे ३ चा वर्ग. जमले.

आता दुपटीच्या जागी दुसरी पट घ्या. पाचपट घेतली तर ४ चालतो: वर्ग १६, पाचपट ८०, एक मिळवून ८१, म्हणजे ९ चा वर्ग. सातपट घेतली तर ३ चालतो: ९, मग ६३, मग ६४. अभ्यासिकेतल्या मुलांना हा खेळ इतका आवडला की पाट्या अपुऱ्या पडल्या. मग आम्ही म्हटले, साठपट घ्या. थोड्या वेळाने मागच्या रांगेतून उत्तर आले. ४ चा वर्ग १६, साठपट ९६०, एक मिळवून ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. बासष्टपट? तेही निघाले. ८ चा वर्ग ६४, बासष्टपट ३९६८, एक मिळवून ३९६९. हा ६३ चा वर्ग.

"आता मधली घ्या. एकसष्टपट."

मुले बसली. पाचपर्यंत गेली, दहापर्यंत गेली, काही जण वीसपर्यंत गेली. काहीच जमेना. साडेनऊ वाजता विहाराचे दार लावायची वेळ झाली तरी एक मुलगी पंचविसाच्या वर्गाशी झगडत होती. तिला आम्ही थांबवले, कारण ती या वाटेने कितीही चालली असती तरी पोचली नसती. एकसष्टपटीच्या कोड्याचे सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० हे आहे. बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. याच्या अलीकडची एकही संख्या चालत नाही. (पोटात 'एकसष्ट लाख' येतात हा योगायोग, पण गमतीचा.) एक मिनिटाला एक संख्या या वेगाने, रात्रंदिवस न जेवता न झोपता कोणी तपासत बसले, तर त्याला सुमारे ४३० वर्षे लागतील.

त्या संख्येचा वर्ग करून एकसष्टपट करा, एक मिळवा, की जो वर्ग तयार होतो तो आमच्या फळ्यावरच्या आकड्याचा: १७६६३१९०४९ चा. साठला ४ आणि ३१, बासष्टला ८ आणि ६३, आणि मधल्या एकसष्टला हा डोंगर! शेजारीशेजारी तीन घरे असावीत, दोन घरांत आवाज दिला की माणूस बाहेर यावा, आणि मधल्या घराचा दरवाजाच सापडू नये, असे हे आहे.

हा दरवाजा भास्कराचार्यांनी उघडून दाखवला. त्यांचा जन्म इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्याचे चार भाग. पहिला 'लीलावती' हा मराठी घरांत नावाने तरी ठाऊक असतो. आपले कोडे आहे दुसऱ्या भागात, 'बीजगणित' या नावाच्या. तिथे एकसष्टचे उदाहरण स्पष्ट दिलेले आहे आणि उत्तरही.

खानदेशातील शिलालेख

दोन आठवड्यांनी एका रविवारी आम्ही अभ्यासिकेतल्या मोठ्या मुलांना घेऊन धुळ्याहून चाळीसगावच्या गाडीत बसलो. हा लोहमार्ग आमच्या वाचकांना परका नाही. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगाव स्टेशनवर उतरले, तेव्हा महाराला टांग्यात बसवायला टांगेवाले तयार झाले नाहीत. शेवटी ज्याला टांगा हाकता येत नव्हता अशा आपल्यातल्याच एकाने हाकला, मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. स्टेशनाबाहेर पडल्यावर मुलांना ती सांगितल्याशिवाय पाऊल पुढे पडले नाही. मग जीप केली आणि अठरा किलोमीटरवरच्या पाटण्याला निघालो.

पाटणे म्हणजे पाटणादेवीचे ठिकाण. सातमाळ्याच्या डोंगराची भिंत, खाली गौताळा अभयारण्याचे जंगल, त्यात काळ्या दगडाचे जुने महादेवाचे देऊळ. एके काळी इथे मोठे नगर होते. यादव राजांच्या काळात निकुंभ घराण्याचे मांडलिक या भागावर सत्ता चालवत. याच पाटण्यात एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास तो जगापुढे आणला. लेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव. हा चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभांच्या सोइदेवाने त्याला इ.स. १२०७ मध्ये दान दिले. भास्कराचार्यांचा जन्म नेमका कुठे झाला यावर विद्वान अजून भांडतात. आमचे तेवढ्याने अडत नाही. त्यांचे गणित शिकवण्याची पाठशाळा खानदेशात होती, हे दगडावर लिहिलेले आहे, एवढे पुरे.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण शेवटी, जिथे मठाला रोजचे उत्पन्न कुठून मिळायचे ते सांगायचे आहे, तिथे भाषा बदलते आणि जुनी मराठी येते. कारण उघड आहे. वंशाची थोरवी संस्कृतात सांगता येते, पण वसुली करायची तर ती ज्याच्याकडून करायची त्याला कळली पाहिजे! पाटण्याच्या बाजारात गिऱ्हाइकाकडून राजाला जो हिस्सा मिळे तो मठाला दिला आहे. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या आहेत. आणि गावात जेवढे घाणे चालतील तेवढ्या प्रत्येक घाण्यामागे एकेक पळी तेल आहे.

हे वाचून आम्ही बराच वेळ तिथे बसून राहिलो. जळगाव-धुळ्याच्या तेलमिलींत आणि डाळमिलींत आपल्या किती घरांनी पोती वाहिली! घाण्याचा वास आपल्याला सांगावा लागत नाही. पाटण्याच्या मठातला दिवा त्या पळीभर तेलावर जळत असेल आणि त्या उजेडात कोणीतरी एकसष्टचे गणित सोडवत असेल. घाण्याचा बैल हाकणाऱ्याचे पोर मात्र त्या उजेडात बसले असेल, असे मानायला आम्हाला काही आधार सापडत नाही. ते ज्ञान कोणत्या भाषेत होते आणि ती भाषा कोणाच्या कानावर पडू दिली जात नव्हती, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. गणिताचा यात दोष नाही. एकसष्टला जात नसते. पण दिव्याचे तेल कोणी भरले हेही हिशेबात धरले पाहिजे, आणि दगडावर ते लिहून ठेवल्याबद्दल त्या कोरणाऱ्याचे आम्ही आभार मानतो.

त्याच डोंगरात वर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, पाटण्याच्या मठाहून तेराशे-चौदाशे वर्षे जुनी. तिथे यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्याचे नाव कोरले आहे: कान्हदास, धंद्याने सोनार. वर जायला वेळ उरला नव्हता, मुलांची चपला-बुटांची दशा पाहता धाडसही नव्हते. पुन्हा कधीतरी.

परतीच्या गाडीत एकाने विचारले, भास्कराचार्यांचा आकडा जुन्या काळातला सर्वांत मोठा का? मुळीच नाही. 'ललितविस्तर' या बौद्ध ग्रंथात बोधिसत्त्वाची गणिताची परीक्षा अर्जुन नावाचा गणिती घेतो, असा प्रसंग आहे. तिथे कोटीपासून सुरुवात करून दर पायरीला शंभरपट करत बोधिसत्त्व संख्यांची नावे सांगत जातात आणि 'तल्लक्षण' या नावापर्यंत पोचतात. एकावर ५३ शून्ये! त्यापुढे आपला दहा आकड्यांचा अब्ज म्हणजे मुंगी. तेव्हा शून्ये वाढवून संख्या मोठी करणे सोपे आहे. १७६६३१९०४९ चे मोठेपण वेगळे आहे. तिच्यातला एकही आकडा बदलून चालत नाही. शेवटचा ९ काढून ८ लिहिला की सगळे कोडे कोसळते.

उत्तर कसे काढले

४३० वर्षांचे काम भास्कराचार्यांनी कसे केले? या पद्धतीचे नाव चक्रवाल. ती एकट्या भास्कराचार्यांची नव्हे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने तिचा पाया घातला आणि भास्कराचार्यांच्या आधी होऊन गेलेल्या जयदेव नावाच्या गणितीने चक्रवाल पद्धत सांगितली होती. ग्रंथात दोन संख्यांना ज्येष्ठ आणि कनिष्ठ म्हटले आहे. आपण थोरली आणि धाकटी म्हणू. थोरलीचा वर्ग हा धाकटीच्या वर्गाच्या एकसष्टपटीपेक्षा बरोबर एकाने जास्त हवा. एकदम तशी जोडी सापडत नाही, तर जवळपासची जोडी घ्यायची आणि तिला हळूहळू वळण लावायचे.

पहिली जोडी ८ आणि १. थोरलीचा वर्ग ६४, धाकटीची एकसष्टपट ६१. फरक तीनचा. आपल्याला एक हवा होता.

आता एक मदतनीस संख्या शोधायची. ती ८ मध्ये मिळवली की तिनाने भाग गेला पाहिजे आणि तिचा वर्ग ६१ च्या जवळ पाहिजे. ७ घेतले तर ८ अधिक ७ म्हणजे १५, तिनाने भाग जातो, आणि ७ चा वर्ग ४९. (१० नेही भाग जातो, पण १०० हे ६१ पासून फार लांब पडते.) नवी थोरली: ८ गुणिले ७ म्हणजे ५६, त्यात ६१ मिळवले ११७, भागिले ३, म्हणजे ३९. नवी धाकटी: १५ भागिले ३, म्हणजे ५. पडताळा घ्या. ३९ चा वर्ग १५२१. ५ चा वर्ग २५, एकसष्टपट १५२५. थोरली चारने कमी पडली.

चारने कमी पडणारी जोडी हाती लागली की ब्रह्मगुप्ताची युक्ती चालते. १५२१ मध्ये ३ मिळवा, १५२४. निम्मे करा, ७६२. त्याला ३९ ने गुणा: २९७१८. तसेच १५२१ मध्ये १ मिळवा, १५२२. निम्मे ७६१. त्याला ५ ने गुणा: ३८०५. झाली पुढची जोडी, २९७१८ आणि ३८०५. थोरलीचा वर्ग ८८३१५९५२४. धाकटीच्या वर्गाची एकसष्टपट ८८३१५९५२५. आता थोरली फक्त एकाने कमी पडते. आपल्याला एकाने जास्त हवी.

शेवटची पायरी. या दोन मोठ्या संख्यांची बेरीज करा.

८८३१५९५२४ अधिक ८८३१५९५२५ बरोबर १७६६३१९०४९.

हाच आपला फळ्यावरचा आकडा! आणि धाकटी काढायला २९७१८ ला ३८०५ ने गुणून दुप्पट करा: २२६१५३९८०. तीन पायऱ्या, एका पानात मावणाऱ्या.

अभ्यासिकेत हे फळ्यावर मांडले तेव्हा पंचविसाच्या वर्गाशी झगडणारी ती मुलगी पुढे येऊन बसली. नववीत शिकते. बाप बाजार समितीत हमाल. सहामाहीला गणितात काठावरसुद्धा नव्हती, आणि घरात बोलणे सुरू झाले होते की दहावीचा फॉर्म भरण्यात पैसे घालवावेत की नाही. हे आम्हाला तिच्या आईने नंतर सांगितले. मुलीने सांगितले नाही. तिने फक्त विचारले, "हे खरंच बरोबर येतं, हे कशावरून?"

आम्हाला आमची चौथीतली शाळा आठवली. गुरुजी पाढे विचारत रांगेरांगेने येत आणि आमची रांग वगळून पुढे जात. एकदा धीर करून आम्ही विचारले तर म्हणाले, तुम्हाला काय करायचेत पाढे, खळ्यावर पोती मोजायला बोटे पुरतात. त्या दिवसापासून कितीतरी वर्षे गणिताचे पुस्तक उघडले की आम्हाला त्या गुरुजींची पाठ दिसे. म्हणून तिला आम्ही 'पुस्तकात आहे म्हणून' असे उत्तर देऊ शकलो नाही. म्हटले, गुणाकार करून पाहू.

साध्या बाराआकडी कॅल्क्युलेटरवर हा गुणाकार मावत नाही, एरर येतो. काही मोबाइलवर आकडा येतो, पण शेवटचे आकडे गाळून, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच दिसतात आणि नेमका तो एकाचा फरकच हरवतो. तेव्हा हाताने करणे आले. दहा आकडी संख्येला दहा आकडी संख्येने गुणायचे. जुन्या कॅलेंडरची पाने उलटी करून चिकटवली आणि मुलांनी त्यावर ओळी पाडल्या.

पहिल्या दिवशी मुलीचे उत्तर आले. अभ्यासिकेत भुसावळच्या रेल्वे यार्डातून निवृत्त झालेले एक काका अधूनमधून येतात. त्यांनी कागद हातात घेतला, डोळे बारीक केले आणि गुणाकार न करताच म्हणाले, "चुकलंय." कसे कळले? नवाचा ताळा! जुन्या शाळेत शिकलेल्यांना तो ठाऊक असतो. १७६६३१९०४९ मधल्या सगळ्या आकड्यांची बेरीज ४६, पुन्हा बेरीज १०, पुन्हा १. एकाचा वर्ग एकच. म्हणून उत्तराच्या आकड्यांची बेरीज करत गेले तर शेवटी १ आलाच पाहिजे. मुलीच्या उत्तराची बेरीज ८१ येत होती, म्हणजे शेवटी ९. कुठेतरी एक हातचा राहिला होता. काकांनी हेही बजावले की ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबरच असे नाही. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर ताळ्याला कळत नाही. ताळा चोर पकडतो, साव कोण ते सांगत नाही.

सातव्या ओळीत हातचा सापडला. दुसऱ्या दिवशी मुलीचा वर्ग असा आला: ३११९८८२९८२८६०२६४४०१. एकोणीस आकडे. या आकड्यांची बेरीज ८२, मग १०, मग १. दुसऱ्या गटातल्या मुलांनी २२६१५३९८० चा वर्ग करून एकसष्टपट केली होती. त्यांचे उत्तर: ३११९८८२९८२८६०२६४४००.

दोन्ही कागद शेजारी ठेवले. अठरा आकडे जसेच्या तसे, आणि शेवटी एकीकडे शून्य, दुसरीकडे एक. कोणी काही बोलले नाही. मग एका लहानग्याने दोन्ही ओळींवरून बोट फिरवत फिरवत शेवटापर्यंत नेले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

पण मुलगी अजून फळ्याकडेच पाहत होती. म्हणाली, "सर, हे तर नववीचं सूत्र आहे." आम्ही विचारले, कोणते? तिने लिहिले: दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग, त्यातून त्यांच्या गुणाकाराची चौपट वजा केली की त्यांच्या फरकाचा वर्ग उरतो. आता दोन संख्या घ्या त्याच, ८८३१५९५२४ आणि ८८३१५९५२५. बेरीज म्हणजे आपली थोरली. गुणाकाराची चौपट म्हणजे धाकटीच्या वर्गाची एकसष्टपट. आणि फरक? एक. एकाचा वर्ग एक. झाले!

दोन दिवसांचा गुणाकार तिने तीन ओळींत मिटवला. "मग आपण इतका गुणाकार कशाला केला?" असे तिने विचारले तेव्हा आम्हाला उत्तर सुचेना. खरे सांगायचे तर तोपर्यंत हे आमच्याही ध्यानात आले नव्हते.

त्यानंतर मुले त्या आकड्याच्या मागेच लागली. त्याच्या शेजाऱ्यांची चौकशी झाली. एक कमी केला तर १७६६३१९०४८, म्हणजे २९७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट. एक वाढवला तर १७६६३१९०५०, म्हणजे ३८०५ च्या वर्गाची एकसष्टपट करून पुन्हा दुप्पट. दोन्ही शेजारी पहिल्या पायऱ्यांची आठवण जपून आहेत. आणि स्वतः आकडा? मूळ संख्या आहे का, असे एकाने विचारले. नाही. १५२३ ने तिला पूर्ण भाग जातो, भागाकार ११५९७६३. आता हा १५२३ कुठून आला? ३९ चा वर्ग १५२१, अधिक दोन. दुसऱ्या पायरीवरची ३९ इथेही येऊन बसली आहे. भास्कराचार्यांच्या मांडणीतही वाटेत १५२३ लागतो. एखाद्या घरात नातवाच्या कपाळावर आजीची खूण दिसावी, तसे.

ही गोष्ट इथे संपत नाही. १६५७ साली फ्रान्समध्ये फर्मा नावाच्या माणसाने, जो पेशाने कायद्याचा माणूस होता, दुसऱ्या गणितींना आव्हान दिले: एकसष्टचे हे कोडे सोडवा. भास्कराचार्यांच्या ग्रंथाला तेव्हा पाचशे सात वर्षे झाली होती. फर्माला त्या ग्रंथाची खबर नव्हती. 'बीजगणिता'चे कोलब्रुकने केलेले इंग्रजी भाषांतर यायला १८१७ उजाडावे लागले. इंग्लंडमध्ये ब्राउंकर याने रीत शोधली आणि नंतर ऑयलरच्या गैरसमजाने या कोड्याला पेल या तिसऱ्याच इंग्रजाचे नाव चिकटले. आजही जगभरच्या पुस्तकांत ते पेलचे समीकरण आहे. काम कोणाचे आणि नाव कोणाचे, हा हिशेब तिकडेही चुकतो तर!

फर्माने एकसष्टबरोबर आणखी एक आकडा दिला होता, १०९. त्याचे सर्वांत लहान उत्तर इतके मोठे आहे की त्यातली थोरली पंधरा आकड्यांची भरते. हे आम्ही अभ्यासिकेत सहज बोलून गेलो. उत्तर आमच्या वहीत लिहिलेले होते, पण सांगणार इतक्यात मुलीने हाताने थांबवले.

त्या रात्री विहाराचे दार लावायला उशीर झाला. बाप हमालीवरून तसाच तिला न्यायला आला होता, खांद्यावर गोणपाट, आणि दाराशी उकिडवा बसून फळ्याकडे पाहत होता. त्याने एकदा विचारले, "किती राहिलं अजून?" मुलीने मान वर केली नाही. तिच्या पाटीवर एकच ओळ होती: थोरली १०, धाकटी १, नऊने कमी.